अबोला आणि बारा डबे

माझे घट्ट झाकणांचे बारा डबे यांनी मला न विचारता लेकीला देऊन टाकले, म्हणून मी यांच्याशी अबोला धरला होता. दोन वर्षं रोबोच्या खटपटीत असलेल्या लेकीनं आठवड्याभरात त्या डब्यांना खेळण्यातल्या गाड्यांची चाकं लावली, आत स्वस्तातले माइक आणि स्पीकर बसवले आणि ढिगाऱ्यात अडकलेली माणसं शोधणारे रोबो केले. कॅमेरे परवडत नव्हते. म्हणून डबे हाक मारायचे, मग गप्प राहून कान द्यायचे, आणि एकाला उत्तर ऐकू आलं की बाकीचे अकरा तिकडे धावायचे. हाक माझ्या आवाजात भरलेली होती. "आई, तुझा आवाज भिंतीतून जातो," असं लेकीचं म्हणणं. हे कौतुक होतं की टोमणा, देव जाणे.

चाचणी एका पाडलेल्या गोदामात होती. अग्निशमन दलाचे साहेब घड्याळ घेऊन उभे. वीस मिनिटांत माणूस सापडला तर डबे दलात, नाहीतर लेकीची दोन वर्षं पाण्यात. अडकलेला माणूस म्हणून आत सिमेंटच्या पाइपात लपले होते हेच.

"कुणी आहे का? आवाज द्या!" डबे ओरडत फिरले. दहा मिनिटं झाली, उत्तर नाही.

"बाबा झोपले की काय?" लेक रडकुंडीला आली.

मला मात्र कळलं. आठ दिवस मी बोलले नव्हते. आता माझ्या आवाजाला ओ देऊन हे नमतं घेणार होते थोडेच! पोरीचं सगळं पणाला लागलंय आणि यांचा हट्ट बघा. पण सतरावं मिनिट लागलं. हट्टच असेल ना? की खरंच वरून काही पडलं?

मी लेकीच्या हातातला, डब्यांना जोडलेला माइक ओढून घेतला. बाराही डब्यांतून एकदम माझा आवाज घुमला, "अहो, चुकलं माझं! डबे गेले खड्ड्यात. ओ द्या!"

आतून खणखणीत उत्तर आलं, "काय म्हणालीस? परत म्हण!"

डबे तिकडे सुसाट सुटले. साहेबांनी घड्याळ थांबवलं तेव्हा एकोणीस मिनिटं झाली होती. हे धुळीनं माखून बाहेर आले. मी आधी रडले, मग रागावले.

दलानं अकराच डबे नेले. बारावा यांनी मागून घेतला आणि लेकीकडून त्यात माझं ते वाक्य भरून घेतलं. रोज सकाळी तो स्वयंपाकघरात येतो आणि म्हणतो, "अहो, चुकलं माझं!" त्याची बॅटरी काढणं मला अवघड नाही. पण मग तो गप्प राहून कान देतो, आणि आतल्या खोलीतून हे दर वेळी ओ देतात.