मिठातले निळे धागे

कार्यालयात मला पाठीमागे ‘सूक्ष्मदर्शक’ म्हणतात, हे मला माहीत आहे. कोण किती वाजता आलं, कुणाच्या नोंदवहीत खाडाखोड आहे, कुणी हात न धुता बीकर उचलला, यातलं काही माझ्या नजरेतून सुटत नाही असा माझा लौकिक. अन्नपदार्थ तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढल्यावर माणसाला आपल्या नजरेचा थोडा माज चढतोच. मला जरा जास्तच चढला होता.

त्या वर्षी वरून पत्र आलं. मिठात प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सापडतात का, आणि सापडले तर किती, ते महिनाभरात कळवा. मर्यादा घालायची की नाही ते समिती ठरवेल. संचालकांनी काम माझ्याकडे दिलं. मी वरवर कुरकुर केली, पण मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

पद्धत साधी आहे. मीठ पाण्यात विरघळवायचं, ते पाणी गाळणकागदातून गाळायचं आणि कागदावर काय उरलं ते भिंगाखाली पाहायचं. मी बारा कंपन्यांची पाकिटं आणवली. पहिल्याच कागदावर निळा धागा दिसला. मग दुसरा, तिसरा. बाराच्या बारा मिठांत निळे धागे, दर नमुन्यात वीस-पंचवीस. ते ॲक्रिलिकचे आहेत, म्हणजे प्लॅस्टिकचेच, असं पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रानं सांगितलं. मी एकटीच खुर्चीत बसून हसले.

बारा ठिकाणचं मीठ, आणि धागे मात्र सगळ्यांत सारखेच. इथे कुठल्याही शहाण्या माणसाला शंका आली असती. मी त्याऐवजी सिद्धांत मांडला. कपडे धुण्याच्या यंत्रातून धागे नाल्यात, नाल्यातून नदीत, नदीतून समुद्रात आणि तिथून मिठागरात. चार पानं लिहिली. शेवटच्या पानावर नकाशा काढला, बाणांसकट.

घरी तर मी उच्छाद मांडला. प्लॅस्टिकचे डबे, झाकणं, चमचे सगळं गोळा केलं आणि सासूबाईंनी वीस वर्षं जपलेला मिठाचा गुलाबी डबा त्यांच्या डोळ्यांदेखत कचऱ्यात टाकला. नवऱ्यानं एवढंच विचारलं, की आपले दात घासायचे ब्रश कशाचे असतात. मी त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला.

समितीत आठ माणसं होती. मी चाळीस मिनिटं बोलले. बातमीदार असावेत अशी फार इच्छा होती, पण त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. माझं संपल्यावर कोपऱ्यात बसलेल्या एका निवृत्त प्राध्यापिकेनं चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “मीठ न घालता नुसतं पाणी गाळून पाहिलं होतंत का?”

याला कोरा नमुना म्हणतात. पाण्यात, भांड्यात किंवा हवेतच काही असेल तर ते त्यात कळतं. नवीन येणाऱ्या प्रत्येकाकडून मी हे घोकून घेते. या खेपेला मुदत थोडी होती, म्हणून मीठ गाळताना कोरा नमुना मी कामाच्या यादीतूनच गाळला होता.

“नाही,” मी म्हटलं.

“मग पाहून घ्या,” त्या म्हणाल्या. रागावल्यासुद्धा नाहीत. रागावल्या असत्या तर मला निदान भांडता आलं असतं.

त्याच दुपारी शुद्ध पाणी गाळलं. तेवीस निळे धागे. पुन्हा गाळलं, तर सव्वीस. कागद चिमट्यानं उचलताना मला माझा हात दिसला. यंत्रांसाठी आमच्याकडे कायम गारठा ठेवतात, म्हणून मी ॲप्रनखाली नणंदेनं विणलेला निळा स्वेटर घालते. त्याच्या बाह्या ॲप्रनपेक्षा चार बोटं लांब. नणंदेनं तो शुद्ध लोकरीचा म्हणून दिला होता. मी त्याचा एक धागा यंत्रात धरला. ॲक्रिलिक. एका दुपारी दोघींचं पितळ उघडं पडलं. नणंदेकडे मी तो विषय अजून काढलेला नाही.

संचालक माझ्या बाजूचे निघाले, हे जास्त वाईट झालं. ‘तांत्रिक अडचणीमुळे फेरतपासणी चालू आहे’ असं कळवू, म्हणाले, ते खोटंही नाही. मी तसं पत्र टाइप केलं आणि वाचून पाहिलं. चूक कुणाची, ते त्यात शोधूनही सापडत नव्हतं. दुसऱ्या कुणी असं पत्र माझ्या टेबलावर ठेवलं असतं, तर मी त्याला अर्धा तास उभं केलं असतं. ते फाडलं आणि नवीन लिहिलं: ‘माझ्या अहवालातले निळे धागे मिठातले नसून माझ्या स्वेटरचे आहेत.’ त्याच संध्याकाळी सही करून पाठवलं.

घरी जेवताना सासूबाईंना सांगितलं.

“म्हणजे डबा चांगला होता,” त्या म्हणाल्या.

“बहुतेक.”

“बहुतेक कशाला, सूनबाई?”

मी भात वाढून घेतला.

मग पुन्हा सगळं केलं. सुती ॲप्रन, मनगटाशी बांधलेल्या बाह्या, भांडी तीनदा धुतलेली, प्रत्येक वेळी आधी कोरा नमुना. निळं काही आलं नाही. पण पाच मिठांत बिनरंगी बारीक तुकडे निघाले, कुठे दोन, कुठे चार. पाकिटाचंच प्लॅस्टिक. या वेळी हसू आलं नाही. तीनदा पडताळून पाहिलं.

अपाय होतो का, असं समितीच्या अध्यक्षांनी विचारलं. महिन्यापूर्वी मी नकाशा उघडला असता. आता म्हटलं, “किती आहे ते सांगू शकते. पोटात जाऊन काय करतं, ते मला माहीत नाही.” त्यावर दोन तास वाद झाला. एकजण पाकिटांवर बंदीच घाला म्हणत होता, दुसरा सिद्ध होईपर्यंत थांबा म्हणत होता. प्राध्यापिकाबाईंचं म्हणणं पडलं, की आज मर्यादा घातली तर आकडा हवेतला असेल, पण पाकीट बदलून पाहायला आकडा लागत नाही. शेवटी मर्यादा ठरली नाही. मीठ दर तीन महिन्यांनी तपासायचं ठरलं, त्या पाच कंपन्यांना पाकिटं बदलून पाहायला सांगितलं, आणि तपासणीची नियमावली निघाली. तिच्या चौथ्या कलमात तपासणाऱ्यानं कोणते कपडे घालावेत ते दिलं आहे. सगळ्या प्रयोगशाळांत त्याला ‘स्वेटरचं कलम’ म्हणतात, आणि ते शिकवायला मलाच पाठवतात.

एका ठिकाणी शिकवून झाल्यावर सगळे हसत हसत बाहेर गेले. पांढऱ्या मिशांचे एक तपासनीस मागे राहिले. गेल्या वर्षी दूध पावडरीत लाल धागे सापडल्याचा अहवाल त्यांनी दिला होता. कंपनीला सगळा माल परत घ्यावा लागला. परवा ते खुर्ची झटकत असताना त्यांच्या ध्यानात आलं, की तिचं कापड लाल आहे. कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे तेही गप्प होते. चार महिन्यांनी निवृत्ती होती.

“बाई, तुम्ही पत्राची सुरुवात कशी केली होती?”

“चूक माझी, ते पहिल्याच वाक्यात घातलं,” मी म्हटलं. “दुसऱ्या वाक्यासाठी ठेवलं असतं तर लिहिलंच नसतं.”

त्यांचं पत्र तीन आठवड्यांनी समितीकडे पोहोचलं आणि ती पावडर फेरतपासणीला माझ्याकडे आली. लाल काही निघालं नाही. मी फोन करून तसं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, की कंपनीला आपलं आपण माफीचं पत्र पाठवलं तर नियमात बसेल का.

तसा नियम मला माहीत नव्हता. पत्ता पाकिटावर असतो, एवढं सांगितलं.