कुस्त्यांच्या आडून

रविवारी सकाळी आम्ही खिडक्या लावतो, टीव्हीवर कुस्त्या मोठ्याने सुरू करतो आणि त्या आवाजाच्या आडून येशूची भजनं म्हणतो. बहिणीच्या गावात घरातल्या प्रार्थनेवरून जमाव दारात आला होता, तेव्हापासून हे असंच चाललंय. चार वर्षांच्या अवंतिकालाही मी बजावलंय, बाहेर कुणापाशी याबद्दल बोलायचं नाही.

या रविवारी भजन सुरू असतानाच दार वाजलं. शेजारच्या शालूकाकू होत्या. माझ्या हातातल्या झांजा लपवायचंही मला सुचलं नाही.

"किती बोंबलतोय गं तुमचा टीव्ही!"

"कमी करते, काकू."

"बंदच कर की. कुस्त्या लावून कुणी भजन म्हणतंय व्हय? भिंतीला कान लावून दमले मी. चाल ग्वाड हाय, पर शब्द नीट कळत न्हाय."

"काकू, ते... येशूचं आहे."

"ठावं हाय की. सरक, बसू दे."

अवंतिकाने पळत जाऊन टीव्ही बंद केला. मी पुन्हा भजन उचललं. इतके महिने दबक्या सुरात म्हणून आवाज पार बसला होता.

"आधी घसा साफ कर बाई," काकू म्हणाल्या, आणि मला हसूच फुटलं.