न पाहिलेल्या पौर्णिमा

२०२४ सालची गोष्ट. त्या वर्षी गुरुपौर्णिमा रविवारी आली होती आणि त्याच दिवशी ग्वाल्हेरात, हरिशंकरपुरममध्ये, मधुसूदन मोघ्यांच्या घरी सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होता. आयुष्यात हजार पौर्णिमा झाल्या की आपल्याकडे हा विधी करतात. बाकीचे लोक एक्क्याऐंशी वर्षं झाली की भटजींना बोलावणं धाडतात. मधुसूदनरावांनी मात्र उभा जन्म कॉलेजात गणित शिकवलेलं. त्यांनी अधिक महिने धरून स्वतः हिशेब मांडला. जन्म १९४३ च्या दसऱ्याच्या सुमाराचा, पाठोपाठची कोजागिरी ही पहिली पौर्णिमा, तर हजारावी ही गुरुपौर्णिमा. सदाशिवराव भटजींनी पंचांगं चाळून पाहिली आणि हात जोडले.

राजलक्ष्मीबाईंनी चैत्रापासून वाती वळायला घेतल्या होत्या. एक हजार. नवऱ्याला ओवाळायच्या वाती दुकानातून आणायच्या नाहीत, हा त्यांच्या सासूबाईंचा दंडक. दुपारी टीव्हीसमोर बसून त्या कापूस पिंजत, वळत आणि शंभर झाल्या की डब्यात ठेवत. नऊशे चाळीस झाल्या होत्या, त्या बुधवारी फोन आला.

फोन डायलिसिसच्या सेंटरमधून होता. मधुसूदनरावांच्या किडन्या दोन वर्षांपूर्वी थकल्या होत्या. दर सोमवारी आणि गुरुवारी चार चार तास मशीनला जोडून घ्यावं लागे.

"अम्मा, मास्टरजी ने सोमवार से अपना नंबर कटवा दिया है," पलीकडची मुलगी म्हणाली. "कह रहे थे, अब नहीं आएँगे. किसी और को दे दें क्या?"

राजलक्ष्मीबाईंच्या बोटांत अर्धी वळलेली वात होती. "अभी किसी को मत देना," एवढंच त्या बोलल्या.

डायलिसिस थांबलं तर काय होतं ते डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आठ दिवस, फार तर पंधरा.

नवऱ्याला त्यांनी काही विचारलं नाही. पंचावन्न वर्षांच्या संसारात या माणसाने माधवगंजातलं बिऱ्हाड सोडणं, हे घर बांधणं, मुलाचं लग्न, सगळं आधी ठरवलं होतं आणि मग घरात सांगितलं होतं. निदान मरण तरी विचारून ठरवेल, असं त्यांना वाटलं. त्या वाट बघत राहिल्या. गुरुवारी मधुसूदनराव सेंटरवरून आले ते हसतमुख. "आज सगळ्या नर्सेसना पेढे दिले," म्हणाले. शुक्रवार गेला, शनिवार गेला. उरलेल्या साठ वाती राजलक्ष्मीबाईंनी वळल्या.

रविवारी सकाळी होम झाला. जेवायला मुरारहून कान्होजीराव आले होते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मधुसूदनरावांचे चाळीस वर्षांचे मित्र. मुलगा ध्रुव भोपाळहून आलेला. पुरणपोळीवर तूप पडलं आणि कान्होजीरावांनी खडा टाकला.

"मास्तर, हजार चंद्र झाले. आता पुढं काय बेत?"

"पुढं काही नाही. गणित सुटलं की उत्तराखाली रेघ मारायची. त्याच्याखाली कुणी आणखी आकडे मांडत बसत नाही."

"वा! आमच्या पलटणीत बदलीचा माणूस आल्याशिवाय पहारा सोडला असता तर मेजरसाहेबांनी सोलून काढलं असतं."

"कान्होजी, पहारा कशावर? मुलगा मार्गी लागला, नातू नोकरीला लागला. माणूस जन्माला येतो तो वाट्याचं काम करायला. ते झालं की नुसतं जगत राहणं म्हणजे घंटा झाल्यावर वर्गात बसून राहणं."

"मग मी तर दहा वर्षं रिकाम्या वर्गात बसलोय, मास्तर! आणि मजेत आहे. सकाळी कचोरी, दुपारी झोप." कान्होजीराव खदखदून हसले. "वहिनी, तुम्ही सांगा. जगायचं कशासाठी?"

"मला कुणी विचारलंय का आजवर?" राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "कटाची आमटी वाढू?"

सगळे हसले. ध्रुव हसला नाही. तो ताटातल्या मिठाकडे बघत राहिला, आणि आईने ते पाहिलं. याला माहीत आहे.

स्वयंपाकघरात त्यांनी त्याला गाठलं.

"केव्हापासून माहीत आहे तुला?"

"आई, प्लीज. आज नको."

"केव्हापासून?"

"महिना झाला." तो ओट्याला टेकला. "त्यांनी बहुत सोच-समझकर ठरवलंय ग. त्यांचा हात बघितलास ना, सुयांनी काय झालाय? मशीनवरून उतरले की दिवसभर डोकं वर उचलत नाहीत. फक्त श्वास चालू ठेवणं म्हणजे जगणं नाही."

"असेलही. पण मला का नाही सांगितलंत?"

"बाबा म्हणाले, तू रडशील."

"मग रडले असते! रडायचा हक्क पण तुम्ही दोघांनी आपसात वाटून घेतला?"

ध्रुवने आईचा खांदा धरायला हात पुढे केला. त्यांनी भांड्यांची परात त्या हातात दिली आणि त्या बाहेर गेल्या.

संध्याकाळी सातला सगळे छतावर जमले. पाट, रांगोळी, चौरंगावर सराफ्यातून घडवून आणलेला चांदीचा चंद्र. मुरारच्या बाजूला, जिथून चंद्र वर यायचा, तिथे काळेकुट्ट ढग दाटले होते. किल्लाही दिसत नव्हता. पाऊण तास वाट पाहिली. मधुसूदनराव शाल पांघरून पाटावर ताठ बसले होते आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते.

"काही अडचण नाही," सदाशिवराव म्हणाले. "आकाशात नसला तर चौरंगावरच्या चंद्राचं दर्शन घ्यायचं. शास्त्रात सोय आहे. चला वहिनी, ओवाळा."

हजार वातींचा तुपात भिजलेला जुडगा ताम्हनात होता. ध्रुवने काडेपेटी काढली.

"काडी ओढू नको," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या.

"अगं, मुहूर्त—" मधुसूदनराव.

"मी ओवाळणार नाही. ओवाळायचं ते दीर्घायुष्यासाठी. तुम्ही तर सोमवारचा नंबर कटवून बसलात."

कान्होजीरावांनी एकदा मित्राकडे बघितलं, एकदा ध्रुवकडे, आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "मास्तर, हे खरं?"

मधुसूदनराव बायकोकडेच बघत होते. "राजी, चारचौघांत नको."

"चार दिवस एकटीच होते मी. तेव्हा तुम्ही पेढे वाटत होतात."

"हजार झाल्या. मी स्वतःला शब्द दिला होता की हजार पूर्ण करीन. केल्या."

"कुठं केल्या?" त्यांनी ताम्हन हातात घट्ट धरलं होतं. "दर्शन म्हणतात ना याला? तुमची पहिली कोजागिरी. तुम्ही पाच दिवसांचे, अंधाऱ्या बाळंतिणीच्या खोलीत. सासूबाई सांगायच्या, बारशापर्यंत तुम्हाला उंबऱ्याबाहेर आणलं नव्हतं. ती पाहिलीत? दर आषाढ-श्रावणात ढग असतात, त्या पाहिल्यात? मार्चात परीक्षेचे पेपर तपासत बसायचात. मी छतावरून हाका मारायची, अहो, या ना, किल्ल्यावर काय चंद्र आलाय! तुम्ही म्हणायचात, पुढच्या महिन्यात असेलच की. तुम्ही झालेल्या मोजल्यात. पाहिलेल्या किती?"

मधुसूदनरावांनी सवयीने भटजींकडे बघितलं.

"शास्त्रात..." सदाशिवराव चाचरले. "झालेल्या धरतात. पण वहिनी म्हणतात तेही... म्हणजे, शब्द दर्शन असाच आहे."

"हा वकिली कावा आहे," मधुसूदनराव चिडून म्हणाले. "मला जिवंत ठेवायला."

"आहेच. मग?" त्या म्हणाल्या. "मला तुमच्यासारखा अर्थबिर्थ कळत नाही. पण जे पाहण्यासारखं होतं ते दर वेळी मी एकटीने पाहिलं. ते मला नको होतं."

लांबून विजेचा आवाज आला. मधुसूदनरावांनी शालीतून डावा हात बाहेर काढला. कोपरापासून मनगटापर्यंत गाठी, काळेनिळे डाग. तो त्यांनी बायकोपुढे धरला.

"हे बघ. हे किती दिवस?"

त्यांनी ताम्हन खाली ठेवलं आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "ते मी नाही सांगू शकत. तुमच्या हाताचं तुम्हीच जाणे. पण ठरवाल तेव्हा मला विचारा. आधी. ध्रुवच्या आधी."

मोठे थेंब पडायला लागले. कान्होजीरावांनी चांदीचा चंद्र उचलून खिशात टाकला, ध्रुवने वातींचं ताम्हन घेतलं, भटजींनी पोथी पोटाशी धरली आणि सगळे जिन्याकडे धावले. मधुसूदनराव मागे राहिले. भिजत, कठड्याला धरून. राजलक्ष्मीबाई त्यांच्याजवळ थांबल्या.

"सेंटरला फोन केलास तू?" त्यांनी विचारलं.

"त्यांचाच आला होता, बुधवारी. नंबर कुणाला देऊ नका म्हटलं."

त्यांनी भिजलेली शाल पिळली. मग म्हणाले, "सकाळी साडेसातला रिक्षा बोलव."

त्यानंतर त्यांनी पाहिलेल्या पौर्णिमा आठवायला घेतल्या. सहाशेच्या पुढे काही केल्या आकडा जाईना, आणि खोटं मांडायची त्यांना सवय नव्हती. भाद्रपदातली पाहिली. कोजागिरीला छतावर खुर्ची टाकून मसाला दूध घेतलं, डॉक्टरांनी बांधून दिलेल्या मापाने दोन घोट. कार्तिकातली, मार्गशीर्षातली पाहिली. पौषातली धुक्यातून दिसली, तीही त्यांनी भांडून मोजली.

माघात एका दुपारी ते मशीनवरून आले, पलंगावर आडवे झाले आणि म्हणाले, "राजी, आता पुरे म्हणू का?"

त्या रात्रभर जाग्या राहिल्या. सकाळी चहा देताना "म्हणा," म्हणाल्या, आणि रडल्या. माघी पौर्णिमेला, आभाळ निरभ्र असताना, त्यांनी त्याच हजार वाती पेटवून त्यांना ओवाळलं. सहा दिवसांनी मधुसूदनराव गेले.

ध्रुव आता महिन्यातून एकदा भोपाळहून येतो. आईला सगळं सांगतो, कधी कधी नको इतकं. सदाशिवराव सहस्रचंद्रदर्शनाचं आमंत्रण आलं की यजमानांच्या बायकोला आधी विचारून घेतात. कान्होजीरावांचा गुडघा बदलला, कचोरी मात्र सुटलेली नाही. चांदीचा चंद्र त्या दिवशीपासून त्यांच्याच खिशात राहिला होता, तो त्यांनी वर्षश्राद्धाला परत आणून दिला.

राजलक्ष्मीबाई ब्याऐंशीव्या वर्षात आहेत. पौर्णिमेला छतावर जातात. शेजारच्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाहीत. मोजत नाहीत.