पापण्यांचं दार

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत धोंडीरामकाकांचं पत्राकामाचं छोटं वर्कशॉप होतं. पाण्याच्या मोटरी चालू-बंद करणारे स्टार्टर ज्या लोखंडी पेट्यांत बसवतात, त्या पेट्या तिथे तयार होत आणि दिंडोरीच्या द्राक्षबागांपासून इगतपुरीच्या भातखाचरांपर्यंत सगळीकडे जात. प्रत्येक पेटीचं दार डावीकडे बिजागरांवर टांगलेलं असे. का, तर काकांनी पहिली पेटी केली तेव्हा दार डावीकडे होतं, आणि त्यानंतर कुणी विचारलं नव्हतं.

तृप्तीनं विचारलं. ती फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती आणि वडिलांच्या ओळखीनं काकांकडे ड्रॉइंग काढायला लागली होती.

"काका, दार डावीकडेच का?"

काकांनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला. "तुझं नाक मधोमध का? तसंच."

त्यांची बायको यशोदाबाई. ऑफिस, चहा आणि कामगारांचे रुसवेफुगवे हे सगळं खातं त्यांच्याकडे. त्या आतून म्हणाल्या, "उत्तर येत नसलं की हे असेच नाकावर जातात. लग्नापासून बघतेय."

तो विषय तिथेच हसण्यावारी गेला असता. पण नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात काका एका दुरुस्तीला इगतपुरीच्या पुढच्या एका वाडीत गेले, तेव्हा तृप्ती बरोबर गेली आणि तिथे तिनं भागीबाईला मोटर चालू करताना पाहिलं.

वाडीचं पाणी नदीकाठच्या विहिरीतून वर टाकीत चढवावं लागे. ते काम आधी भागीबाईच्या नवऱ्याकडे होतं. तो गेल्यावर तिनं ते धरून ठेवलं होतं, कारण खाचर हातभर आणि दुसरा आधार नव्हता. पण भाताच्या आवणीच्या चिखलात पडल्यापासून तिचा उजवा खांदा वर उचलत नसे. त्यात स्टार्टरची पेटी पंपघराच्या बाहेरच्या भिंतीवर अशा कोपऱ्यात होती की डावीकडे भिंत पुढे आलेली. दार अर्धंच उघडे, आणि नदीवरचा वारा ते परत अंगावर लोटे. उजव्या हाताचा उपयोग नाही, डाव्या हातानं दार धरलं तर बटण दाबायला हात उरत नाही. मग भागीबाई वाकून दार कपाळानं अडवी आणि डावा हात आत घालून हिरवं बटण दाबे. तिच्या कपाळावर गोंदणाशेजारी दाराच्या कडेची एक लालसर रेघ कायमची उमटली होती.

"लागत नाही का, मावशी?" तृप्तीनं विचारलं.

"लागतं की. पन दार काय माझं ऐकतंय व्हय?" भागीबाई हसली.

सरपंच हिरामणअप्पा शेजारीच उभे होते. त्यांचा स्वर काही वाईट नव्हता. "आता बघा, हे असं किती दिस चालायचं? शॉकबिक बसला तर? पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठरवू. आमचा पुतण्या हाय झुंबर. धडधाकट हाय."

झुंबर जांभळाच्या सावलीत झोपला होता. त्याला हे ऐकू गेलं नाही.

भागीबाईचं हसू मात्र गेलं. "अप्पा, कधी टाकी रिकामी ऱ्हायली का? सांगा ना. एक दिस?"



परतीच्या वाटेवर तृप्तीनं गाडीच्या मागच्या सीटवर बसून वहीत पंपघराचा कोपरा काढला. मग म्हणाली, "काका, तिथे दार उजवीकडे असतं तर सपाट भिंतीला टेकलं असतं. आपोआप राहिलं असतं."

"मग उजवीकडचं एक करून देऊ."

"आणि पुढच्या गावात परत डावीकडचं लागलं तर? दोन्हीकडे लागणारं एकच दार करू. जिथे जसं हवं तसं तिथल्या तिथे फिरवायचं."

काकांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. "मी नाकावर नेलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागलीस तू."

तिनं आधी बुटांच्या खोक्याची पेटी केली. पुठ्ठ्याचं दार काढायचं, जागच्या जागी अर्धा फेरा फिरवायचं, म्हणजे वरची कड खाली आणि डावी कड उजवीकडे, आणि परत बसवायचं. त्यासाठी बिजागरं दाराच्या मध्यापासून वर-खाली सारख्याच अंतरावर हवीत. कडी बरोबर मध्यावर हवी. पेटीच्या दोन्ही अंगांना बिजागराच्या खिळ्या हव्यात, आणि ज्या वापरात नसतील त्यांवर रबरी टोप्या. काकांनी उचलून काढता येतील अशी बिजागरं निवडली. फक्त एका गोष्टीवरून दोघांचं वाजलं.

"धोक्याची पाटी उलटी होईल ना," काका म्हणाले. "कवटी शीर्षासन करेल."

"पाटी स्क्रूनं बसवायची. भोकं वरही आणि खालीही. दार फिरवलं की पाटी काढून सरळ लावायची."

"आणि तुझ्या काकूचं स्वस्तिक?"

वर्कशॉपमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पेटीच्या दारावर यशोदाबाई कुंकवानं स्वस्तिक काढत. त्याशिवाय पेटी टेम्पोत चढत नसे. एकदा एक पेटी तशीच गेली होती आणि टेम्पो पाथर्डी फाट्यावर पंक्चर झाला होता. तेव्हापासून ड्रायव्हरच आधी दार तपासत असे.

तृप्तीनं पुठ्ठ्यावर पेननं स्वस्तिक काढलं आणि दार फिरवलं. स्वस्तिक होतं तसंच दिसलं. तिला इतका आनंद झाला की ती खोकं घेऊन ऑफिसात धावली. "काकू, तुमचं स्वस्तिक उलटतच नाही! अर्धा फेरा द्या, परत तसंच!"

"उलटेल कसं?" यशोदाबाई म्हणाल्या. "शुभ आहे ते."

खऱ्या दारावर मात्र आणखी एक गोष्ट होती, जी पुठ्ठ्याच्या दारावर नव्हती. आत हवा खेळावी म्हणून काकांच्या दारांना आडव्या चिरा पाडलेल्या असत, आणि प्रत्येक चिरेवर पत्र्याची छोटी झडप, डोळ्यावर पापणी असावी तशी, खाली झुकलेली. त्यांना तिथे पापण्याच म्हणत. समोरून पाहिलं तर त्या नुसत्या आडव्या रेघा दिसत.

जूनच्या सुरुवातीला नवी पेटी वाडीत बसली. तृप्तीनं स्वतः दार उचललं, फिरवलं आणि उजवीकडे टांगलं. पाटी काढून सरळ लावली. चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून पाहिलं. कवटी सरळ, अक्षरं सरळ, कुंकू खालून वर गेलेलं पण सरळ. सगळं जिथल्या तिथे. भागीबाईनं डाव्या हातानं दार उघडलं, ते अलगद भिंतीला जाऊन टेकलं आणि तिथेच राहिलं. तिनं मोटर चालू केली, बंद केली, पुन्हा चालू केली.

"पुरे, मावशी," काका म्हणाले. "मोटर दमेल."

"दमू द्या. मी लय दमलीया तिच्यापाई."

जुलैच्या शेवटी फोन आला. हिरामणअप्पा इगतपुरीतल्या एसटीडी बूथवरून बोलत होते, मागे पावसाचा धबधबा ऐकू येत होता. पेटीत पाणी शिरून स्टार्टर बंद पडला होता. दोन दिवस टाकी रिकामी. बाईनं दार उघडं टाकलं असणार, दुसरं काय? आता ग्रामसभेत बोलायचं काही राहिलं नाही.

तृप्ती आणि काका दुसऱ्याच दिवशी गेले. काकांनी मेन स्विच बंद करून नवा स्टार्टर बसवायला घेतला. भागीबाई कोपऱ्यात इरलं घेऊन बसली होती. तृप्तीला बघून तिनं तक्रार केली नाही, हेच तृप्तीला जास्त लागलं.

"ताई, देवाची आन. कडी लावली व्हती. रोज लावते."

"अगं, लावली व्हती तर पानी काय कडी उघडून गेलं?" अप्पा म्हणाले.

तृप्तीनं दार लावून पाहिलं. रबर घट्ट बसत होतं. कडी पक्की होती. पेटीच्या माथ्यावरची पत्र्याची पन्हाळ ठीक होती. मग, वर्कशॉपमध्ये दार रंगवायला देण्यापूर्वी धार तपासायला फिरवायची तसा तिनं दारावरून वरून खाली हात फिरवला. तिकडे हात नेहमी घसरत खाली यायचा. इथे बोट अडकलं. दुसरंही अडकलं. तिसऱ्याला पत्रा कापला.

ती बोट तोंडात धरून तशीच उभी राहिली. दार फिरवल्यावर पाटी उलटेल हे तिला सुचलं होतं, कुंकू उलटत नाही याचा आनंदही तिनं केला होता. पण पापण्या उलटल्या होत्या. त्या वर आभाळाकडे उघड्या होत्या, आणि पडेल तो प्रत्येक थेंब ओंजळीत धरून आत ओतत होत्या. समोरून मात्र आडव्या रेघा आडव्याच दिसत होत्या.

"अप्पा, कळशीभर पाणी मिळेल?"

"आता ह्या पावसात पानी मागता?"

"पाऊस थांबलाय तोवर. आणि काका, तुमचा रुमाल द्या. कोरडा."

अप्पांनी झुंबरला हाक मारली. तो आळस देत आला, विहिरीवरून कळशी भरून आणली. तृप्तीनं नवा स्टार्टर बाहेरच ठेवायला लावून काकांना पेटीपासून दूर केलं, रुमाल आत ठेवला, दार लावलं, कडी घातली आणि अप्पांना ती ओढून बघायला लावली. मग झुंबरनं दारावर कळशी ओतली. निम्मं पाणी त्याच्याच पायांवर पडलं. दार उघडलं तेव्हा रुमालातून पाणी गळत होतं.

तिनं दार उतरवून जुन्यासारखं डावीकडे टांगलं. काकूंनी निघताना गाडीत ठेवलेला दुसरा रुमाल आत ठेवला. पुन्हा कळशी, पुन्हा झुंबरचे पाय. ह्या वेळी रुमाल कोरडा निघाला.

"मावशींनी कडी लावली होती, अप्पा," तृप्ती म्हणाली. "दार मी फिरवलं. पापण्या वर झाल्या हे मी पाहिलं नाही. मी फक्त दिसतं कसं तेवढंच पाहिलं."

काका ओला रुमाल पिळत म्हणाले, "आणि पत्रा माझा. तीस वर्षं पापण्या पाडतोय, मलाही दिसलं नाही. बाईला बोल लावू नका."

अप्पांनी मिशी चोळली. "बरं. ग्रामसभेच्या आधी नीट करून द्या. नायतर झुंबर—"

"अप्पा," झुंबर म्हणाला, "भल्या पहाटं उठून मोटर लावायला मला नाय जमायचं."

"तुला कोन इचारतंय?"

"तेच म्हनतो मी! कोनी इचारलंच नाय."

काका खोकल्याच्या निमित्तानं तोंड वळवून हसले. पण नवा स्टार्टर बसवून निघताना तृप्तीनं मागे वळून पाहिलं. दार पुन्हा डावीकडे होतं. भागीबाई वाकली होती आणि वाऱ्यानं लोटलेलं दार कपाळानं अडवून आत हात घालत होती.

नवं दार करायला तृप्तीनं फारसा वेळ लावला नाही. तिनं पापण्या दारावरून उचलून पेटीच्या बाजूंना नेल्या, पन्हाळीच्या खाली, कारण पेटी काही कुणी उलटी टांगत नाही. दार अगदी कोरं ठेवलं. काकांना ते बघवेना.

"हे काय दार झालं? नुसतं परातीसारखं!"

"परातच हवी. दारावर जे काही असेल ते फिरवल्यावर तसंच राहिलं पाहिजे. डोळ्यांना नाही, पाण्याला."

यशोदाबाई कुंकवाची वाटी घेऊन आल्या होत्या. त्यांनी वाटी खाली ठेवली, आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "आधी तपासा. इकडून आणि तिकडून. माझं कुंकू मग."

"काकू, आत रुमाल लागेल."

"ह्यांचा घे."

ग्रामसभेला चार-पाच दिवस असताना काकांनी पेटी वाडीत नेली. पाऊस उभा कोसळत होता. झुंबरनं दार उचललं आणि भागीबाईनं, आजवर आपलं न ऐकणाऱ्या त्या दाराला, कसं फिरवायचं ते सांगितलं.

"आरं, वरची कड खाली. खाली म्हनलं! तुझ्या चपला उलट्या घालतोस तसं नगं करू."

दार उजवीकडे बसलं. काकांनी वर ताडपत्री धरायला लावून विजेचं काम पुरं केलं. मग पेटी बंद करून सगळे पंपघराच्या वळचणीला चहा होईस्तोवर थांबले, आणि पाऊस दारावर आपटत राहिला. अप्पांनी स्वतः पुढे होऊन कडी उघडली आणि आत हात फिरवला. हात धोतराला पुसायची गरज पडली नाही.

"कोरडं ठाक," ते म्हणाले. मग, जसं काही हे आधीच ठरलेलं होतं अशा आवाजात, "ग्रामसभेत हा इषय घ्यायचा नाय. भागीबाई हाय ती हाय."

झुंबरनं सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की काकांचा चहा हिंदकळला.

भागीबाईला जुनं दार हवं होतं. "कोंबड्यांच्या खुराड्याला लावीन. वारं लागंल त्यांना."

"न्या. पण पापण्या खाली ठेवा, मावशी," तृप्ती म्हणाली.

"आता काय इसरते मी!"

मग ती उठली. पाण्याची वेळ झाली होती. तिनं डाव्या हातानं दार ओढलं आणि सोडून दिलं. ते वळून भिंतीला टेकलं. नदीवरून वारा आला, त्यानं दार आणखी भिंतीला दाबलं. भागीबाई वाकली, सवयीनं कपाळ पुढे केलं, आणि कपाळाला काहीच लागलं नाही. ती क्षणभर तशीच वाकून राहिली. मग स्वतःशीच हसत सरळ झाली, उभ्यानं हिरवं बटण दाबलं, आणि थोड्या वेळानं वर टाकीजवळून कुणीतरी पाणी आल्याची हाळी दिली.