मागच्या जागेवर कोण होतं

एकावर एक पंखांच्या दोन जोड्या असलेली दुपंखी विमानं जुनी झाली होती. हवाई दलाला आता शिकाऊ पोरांसाठी एकपंखी विमान हवं होतं, आणि आमचा कारखाना ते बनवत होता. पण ते गिरकीत शिरलं की बाहेरच पडेना. त्यातच माझा नवरा गेला. ह्यूबर्ट ट्रेलोर, कारखान्याचा चाचणी वैमानिक. भिंगरीसारख्या खाली येणाऱ्या विमानातून त्यानं डावीकडून उडी टाकली आणि त्याची हवाई छत्री शेपटीत अडकली.

मी त्याच कारखान्यात पंखांचं कापड शिवायचे. सगळे म्हणाले, सोड आता हे काम. पण विल्टशरच्या त्या थंडगार घरात एकटी बसून करणार काय? दुसऱ्या विमानाचे पंखही मीच शिवले.

आमच्या पॅस्कोसाहेबांनी आपला आराखडा बदलून शेपूट जरा मोठी केली. स्कॉटलंडहून जेराल्ड आस्क्यू नावाचा नवा वैमानिक आला. त्यानं ह्यूबर्टला कधी पाहिलंही नव्हतं. मागच्या जागेवर शिकाऊ पोराच्या वजनाची वाळूची पोती बांधली आणि तो वर गेला.

विमान गिरकीत शिरलं. फिरतच राहिलं. मी कारखान्याच्या दारात उभी होते. मग पांढरी छत्री उघडलेली दिसली. विमान सलगमच्या शेतात कोसळलं.

आस्क्यूला शेतकऱ्याच्या गाडीतून आणलं. तो उतरला तो थेट पॅस्कोसाहेबांकडे.

"मागे कुणाला बसवलं होतंत?"

"कुणाला? वाळूची पोती होती."

"पोती बोलत नाहीत, साहेब."

दोन जागांमध्ये एक रबरी बोलनळी असते, शिरस्त्राणाला कानाशी जोडलेली. शिक्षक तिच्यातून शिकाऊ पोराला ओरडतो. आस्क्यूनं डावा पाय बाहेर टाकला होता, तेवढ्यात नळीतून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "डावीकडून नको रे, सोन्या. उजवीकडून जा."

पॅस्कोसाहेब माझ्याकडे बघेनात. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना 'सोन्या' म्हणणारा कारखान्यात एकच माणूस होता. मला हसू फुटलं. थांबेचना. बायकांनी धरून मला आत नेलं.

हिवाळाभर पॅस्कोसाहेब खपले. आडवी शेपूट वर उचलली, सुकाणू खालपर्यंत वाढवलं. तिसरं विमान गिरकीतून अलगद बाहेर आलं. परत परत आलं. तेव्हा मी म्हटलं, "मला एकदा मागे बसवा."

"वेड लागलंय का, ट्रेलोरबाई?" पॅस्कोसाहेब म्हणाले.

"तुमचा तुमच्या विमानावर भरवसा आहे ना? मग झालं तर."

आस्क्यूनंच माझे पट्टे आवळले. वर गेल्यावर हिरवा माळ आणि आभाळ एकमेकांत कालवले गेले.  मग फिरणं थांबलं आणि विमान सरळ झालं. पंखांच्या तारा बारीक शीळ घालत होत्या. मी नळी तोंडाशी धरली.

"ह्यूबर्ट, आहेस का रे?"

"आहे ना," नळीतून आवाज आला. "थंडी वाजतेय का तुला?"

मी नळी सोडून दिली. उतरल्या उतरल्या आस्क्यूवर तुटून पडले. "मेल्या, विधवेची थट्टा करतोस? लाज नाही वाटत?"

तो बावचळला. त्यानं आपल्या शिरस्त्राणाकडे बोट केलं. नळीचं त्याच्याकडचं टोक निखळून खाली लोंबत होतं. "गिरकीतच तुटली ही, बाई. तुम्ही काही बोललात का? मला ऐकूच आलं नाही."

पॅस्कोसाहेब धावत आले. "काय झालं? काही ऐकू आलं का?"

कारखान्याची माणसं हातातली कामं टाकून बघत होती. मी म्हणाले, "वारा, साहेब. नुसता वारा."

आस्क्यूनं मान खाली घातली. पॅस्कोसाहेबांनी मोठा श्वास सोडला, आणि विमान हवाई दलाकडे पाठवायची तयारी करा म्हणून ओरडत आत गेले. मी तिथेच गवतावर बसले. दात वाजत होते, तरी उठून आत जावंसं वाटत नव्हतं.