न मारलेला गोल

रविवारी सकाळी कुशनवाल्यांच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकत नसे. फिरकून बसणार कुठे? दुरुस्तीला आलेल्या सोफ्यांवर आधीच मंडळी पसरलेली असायची. भूमितीचे मास्तर तीन माणसांच्या सोफ्यावर एकटे आडवे. बेकरीवाला स्प्रिंगा वर आलेल्या खुर्चीत अंग चोरून. आणि कुशनवाल्यांचा सख्खा मेहुणा फोमच्या थप्पीवर, म्हणजे सगळ्यांच्या डोक्यावर. आवाजही त्याचाच सगळ्यांत वरचा. कुशनवाले स्वतः खाली चटईवर बसून, तोंडात खिळे धरून कापड ताणत असायचे. तोंडात खिळे असले की माणसाला बोलावं लागत नाही, आणि यंदा ते त्यांना सोयीचंच पडत होतं.

विषय एकच. क्लब. मोसम तोंडावर आला होता आणि त्याच आठवड्यात नव्या खेळाडूंची नावं जाहीर झाली होती.

"हा नवा स्ट्रायकर म्हणजे नुसता देखावा आहे," मास्तर छताकडे बघत म्हणाले. "गेला अर्धा मोसम गुडघा धरून घरी बसला होता. आपण खेळाडू आणलाय की पेशंट?"

"अहो, पण त्याचा डावा पाय बघा की!" बेकरीवाला कळवळला. त्याला प्रत्येक नवा खेळाडू आवडायचा. मागच्या वर्षी आणलेला बचावपटू तीन सामन्यांत दोनदा आपल्याच गोलात बॉल मारून बसला, तरी ह्याचं आपलं चालूच, की पोरगा मनानं चांगला आहे.

"तुला काय, नवा माणूस आला की घरात जावई आल्यासारखं होतं," मेहुणा वरून गरजला. "मधल्या फळीत कोण आहे ते सांग! बॉल त्या डाव्या पायापर्यंत पोचवणार कोण, पोस्टमन? लिहून ठेवा, यंदाही आपण आहोत तिथेच. फक्त त्या लंबूला काढलं, तेवढं एक काम झकास केलं."

तिघांनी एकदम कुशनवाल्यांकडे बघितलं आणि मग एकदम दुसरीकडे बघितलं. मेहुण्यानं जीभ चावली.

"म्हणजे भाऊजी, मी आपलं..."

कुशनवाल्यांनी तोंडातला खिळा काढला, लाकडावर ठेवला आणि हातोडी मारली. नेम चुकला, बोटावर बसली. एरवी त्यांचा नेम चुकत नसे.

लंबूची गोष्ट अख्ख्या गावाला पाठ होती, पण तुम्हाला कुठून माहीत असणार, म्हणून सांगतो. मागच्या मोसमाच्या शेवटी शेवटी क्लब वरच्या विभागात जायच्या अगदी दारात उभा होता. सामना बरोबरीत, वेळ संपत आलेली. आणि लंबू, म्हणजे आपला ताडमाड उंच स्ट्रायकर, बॉल घेऊन एकटा सुटला. गोलकीपरला त्यानं चकवलं. गोल समोर सताड उघडा. अख्खं मैदान श्वास रोखून उभं राहिलं. आणि ह्या पठ्ठ्यानं काय करावं? बॉल अलगद बाहेर ढकलला, दोन्ही हात वर केले आणि "डॉक्टर! डॉक्टर!" असं बोंबलत गोलच्या मागे धावत सुटला.

गोलच्या मागे, कठड्यापाशी, कुशनवाले छातीला हात लावून खाली कोसळले होते.

डॉक्टर वेळेवर पोचले. विजेच्या झटक्यांची पेटी आली, छातीला झटके दिले, थांबलेलं हृदय चालू झालं. सामनाही पुढे चालू झाला आणि तसाच बरोबरीत सुटला. मोसमाच्या शेवटी क्लबला वर जायला नेमकी त्या दिवशी हुकलेल्या गुणांचीच खोट आली. दुसरंच कोणीतरी वर गेलं.

इस्पितळात शुद्धीवर आल्यावर कुशनवाल्यांनी पहिला प्रश्न विचारला तो सामन्याचा. निकाल ऐकला आणि गडी लहान मुलासारखा रडायला लागला. बायको घाबरली. नर्स धावली. तेव्हा मेहुण्यानं त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "भाऊजी, उगाच जिवाला लावून घेऊ नका. तो लंबू तसाही बाहेरच मारणार होता."

बोलला ते निव्वळ मायेनं. त्याच मायेनं मास्तर शाळेत बोलले आणि बेकरीवाला पाव देता देता प्रत्येक गिऱ्हाइकाशी बोलला. आमच्या माणसामुळे काही गेलं नाही हो, तो तसाही बाहेरच मारणार होता. आठवड्याभरात गावात तेच खरं झालं. पेपरातसुद्धा छापून आलं. पुढच्या सामन्यांत लंबूला बॉल मिळाला की अख्खा स्टँड ओरडायचा, "तसाही! तसाही!" पोरगं भांबावलं. आणि खरोखरच बाहेर मारायला लागलं. डाव्यानं बाहेर, उजव्यानं बाहेर, डोक्यानं बाहेर. मोसम संपला, करार संपला, क्लबनं नमस्कार केला.

कुशनवाले घरी पडून हे सगळं ऐकत होते. ते 'तसाही' त्यांनाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोला. औषधाच्या गोळीबरोबर रोज ते एक वाक्य गिळलं की झोप लागायची. पण त्या दिवशी त्यांनी जे बघितलं होतं, ते काही डोळ्यांसमोरून हटत नव्हतं.

"तुम्ही त्या पोराला अजून एकदा तरी भेटलात का?" त्या रविवारी जेवताना बायकोनं विचारलं.

"गेलो होतो ना. सरावाच्या मैदानाच्या फाटकापर्यंत. बिस्किटांचा पुडाही नेला होता."

"मग?"

"मग काय! कोणी छत्री धरली तर थँक्यू म्हणतो आपण. ह्याला काय म्हणायचं? शब्दच सुचेना. आलो परत."

"आणि बिस्किटं?"

"खाल्ली."

बायकोनं कपाळाला हात लावला. "आज संध्याकाळी बैठक आहे ना क्लबची? उद्या तो सामान घेऊन जाणार. मग कोणाचे आभार मानणार, त्या फाटकाचे?"

आभार मानणं सोपं होतं. पण नुसते आभार मानून भागणार नव्हतं, जे बघितलं ते सांगावं लागणार होतं. आणि ते सांगितलं की वर जायचं हुकलं ते कोणामुळे, ह्याचा हिशेब सरळ त्यांच्या दुकानाच्या दारात येऊन उभा राहणार होता. ह्याच गावात राहायचं होतं, ह्याच लोकांच्या खुर्च्या शिवायच्या होत्या.

मोसमाआधीची बैठक स्टँडखालच्या लांबट हॉलमध्ये भरायची. नवे खेळाडू उभे राहून हात हलवायचे, जाणाऱ्यांना कोच एकेक फुलांचा गुच्छ द्यायचा, आणि मग समर्थकांना जे बोलायचं ते बोलू द्यायचे. हॉल खच्चून भरला होता. नव्या स्ट्रायकरच्या नावाला बेकरीवाल्यानं एवढ्या टाळ्या वाजवल्या की तो बिचारा दचकला. मास्तरांनी उठून मधल्या फळीबद्दल लांबलचक प्रश्न विचारला, हवेत त्रिकोणही काढून दाखवला, आणि कोच "बघू" म्हणाला.

मग लंबूचं नाव पुकारलं. तो उठला, गुच्छ घेतला. टाळ्या वाजल्या, पण अगदीच तोंडदेखल्या. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "तसाही!" आणि खसखस पिकली. लंबूही कसनुसा हसला. खाली बसताना त्याची मान पार छातीला टेकली होती.

ते हसणं कुशनवाल्यांच्या वर्मी लागलं. ते उभे राहिले. बायकोनं सदऱ्याचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं, मागे ओढायला नव्हे, पडले तर सावरायला.

"मी कुशनवाला. त्या दिवशी पडलो तो मी."

त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"तुम्ही म्हणता, तो तसाही बाहेर मारणार होता. हे माझ्यावरच्या मायेपोटी सुरू झालं, म्हणून कोणाला बोल लावत नाही. पण मी गोलच्या मागे होतो. छातीत कळ आली होती, तरी डोळे उघडे होते. गोलकीपर पलीकडे आडवा पडलेला. समोर कोणी म्हणजे कोणी नाही. ह्यानं मारायला पाय मागे घेतला होता. तेवढ्यात मान वर केली, आणि त्याला मी दिसलो. आमची नजरानजर झाली. त्यानं तो पाय खाली ठेवला." त्यांना दम लागला, ते थांबले. "तो गोल होता. माझ्या आजीनं मारला असता तरी गेला असता. त्यानं तो सोडला, कारण तेवढ्यात मी मेलो असतो. आपण वर गेलो नाही ते माझ्यापायी. मला काय बोलायचं ते बोला, दुकान बाजारातच आहे. पण ह्याला नका बोलू. पोरा, तुझ्यामुळे मी रोज सकाळी उठतो. बायकोच्या हातचा चहा पितो. ह्या मूर्खांची बडबड ऐकतो. फार सुखात आहे रे मी. फार उपकार झाले तुझे."

कोच बुटांकडे बघत राहिला. कुशनवाल्यांना वाटलं, संपलं, आता ह्या गावात खुर्ची शिवायला कोणी आपल्याकडे देत नाही.

आणि पाचव्या रांगेत मेहुणा खुर्चीवर चढला. डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललेलं. दोन्ही मुठी हवेत फेकून तो गळा फाटेस्तोवर ओरडला,

"गोऽऽऽल!"

क्षणभर कोणाला काही कळेना. मग बेकरीवाला ओरडला. मग मास्तर ओरडले, ज्यांनी आयुष्यात वर्गाबाहेर आवाज चढवला नव्हता. आणि मग अख्खा हॉल उठला. गोल! गोल! लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, खुर्च्या उलथल्या, कोणाची तरी टोपी पंख्यात अडकली. इतके महिने छातीत कोंडून राहिलेला गोल तो, मोकळा व्हायला वेळ लागणारच. संघातल्या पोरांनी लंबूच्या अंगावर उड्या टाकल्या. नवा स्ट्रायकर सगळ्यांत वर चढून बसला. प्रकरण काय आहे ह्याचा त्याला पत्ता नव्हता, पण गोल म्हटल्यावर तो काय मागे राहतोय!

ढिगाऱ्याखालून लंबू बाहेर आला तो केस विस्कटलेला, गुच्छ चुरगळलेला. लांब लांब ढांगा टाकत तो कुशनवाल्यांपाशी पोचला.

"खरंच गेला असता ना, काका?" त्यानं विचारलं.

"गेला असता रे. खरंच."

"आता मला माझंच खरं वाटेनासं झालं होतं. आईसुद्धा म्हणते, जाऊ दे बाळा, तू तसाही..." त्यानं खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि कुशनवाल्यांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा ना तिला. माझं ऐकत नाही ती."

कुशनवाल्यांनी फोन कानाला लावला. पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला, "हॅलो, कोण बोलतंय?"

"ताई, मी..." गोंगाटात त्यांनी दुसऱ्या कानावर हात धरला. "त्या दिवशी मैदानात जो माणूस पडला होता ना, तो मी. तुमच्या मुलाच्या गोलाबद्दल सांगायचं होतं."



"गोलाचं राहू द्या हो," ती म्हणाली. "आधी सांगा, तुम्ही आता बरे आहात ना? जेवण जातं ना नीट?"

कुशनवाल्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि फोन बाजूला धरला. शेजारी कान लावून उभ्या असलेल्या बायकोनं तो घेतला आणि म्हणाली, "जातं हो ताई. दोन वेळा पोटभर जेवतात."