दुभाषीबाईंचा माईक

मित्रांनो, काचेच्या एका खोलीत टेबलाला स्क्रूने जखडलेला मी एक जुना माईक आहे. ही इमारत जगभरच्या शेतकऱ्यांच्या संघटनेची. खालच्या सभागृहात देशोदेशीचे शेतकरी आपापल्या भाषेत गाऱ्हाणी मांडत आणि वरून दुभाषीबाई माझ्यातून ती सगळ्यांना समजावून सांगत. मला जागचे हलता येत नसे, पण माझा आवाज शेकडो कानांत पोचे. त्यामुळे तेव्हा ही कैद वाटलीच नाही.

एका सभेत दूधवाल्या काकू बोलायला उठल्या. मोठ्या देशांची स्वस्त दूधपावडर त्यांच्या गावच्या बाजारात आली होती आणि घरोघरच्या गायी विकल्या जात होत्या.

"संघटना आपल्या सगळ्यांची ना? मग आपल्याच माणसांच्या पोटावर पाय कसा देता?" काकूंनी विचारले.

अध्यक्ष स्वतः अशाच एका मोठ्या देशातले बडे गोठेवाले. वेळ संपली म्हणत त्यांनी बटण दाबले आणि काकूंचा माईक बंद पडला. नियमाप्रमाणे आता बाईंनीही गप्प बसायचे. पण त्यांनी खोलीचे दार सताड उघडले. काकूंचा आवाज रानात गुरे हाकारून कमावलेला. तो थेट वर आला. बाई माझ्यावर वाकल्या आणि शब्दन् शब्द सांगत राहिल्या.

"अहो बाई, थांबवा हे!" अध्यक्ष ओरडले.

बाईंनी तेही काकूंच्या भाषेत सांगून टाकले. सभागृहात हशा पिकला.

अध्यक्ष ओशाळले. मग हळूच म्हणाले, "पण काकू, आमचं जादा दूध आम्ही ओतायचं तरी कुठं?"

"ते बसून ठरवू की. आधी ऐकून तर घ्या!"

पावडर रोखायचा ठराव काही त्या वर्षी झाला नाही. पण समिती नेमली गेली आणि काकू तिच्यात होत्या. बाईंना मात्र पुन्हा कधी बोलावले नाही.

पुढे भाषांतराचे काम दूरच्या यंत्राकडे गेले आणि माझ्या खोलीला कुलूप लागले. सफाईवाले मामाही काच बाहेरूनच पुसतात. खाली ओठ हलताना दिसतात, ऐकू काहीच येत नाही. ओरडावेसे वाटते, पण मला वीजच नाही.

परवा एक शेतकरी बोलता बोलता अडला. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि तो खाली बसला. त्याला काय सांगायचे होते, ते मला कधीच कळणार नाही.

मित्रांनो, तुमच्या पायांना कोणी जखडलेले नाही. असा कोणी अडलेला दिसला, तर त्याच्याजवळ जा आणि एवढेच विचारा, "मग पुढं काय झालं?"